बापू मास्तरांचं भाड्याचं घर आणि मैनेचं लग्न

बापू मास्तरांच्या ओसरीवर रोज बसणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना किस्से शोधायला कुठे जावं लागलं नाही. तेच पायऱ्या चढून यायचे. कुठला आधी सांगायचा, यावरच आमची भांडणं होतात. म्हणून आज मी एकटाच सांगतो, कोणी मध्ये बोलायचं नाही!

*

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्या अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला. माणसं ओसरीवर आणि कापूस माजघरात, अशी घराघराची तऱ्हा झाली. बापू मास्तर मात्र शाळा सुटली की बाजाराला लागून असलेल्या आपल्या भाड्याच्या घरात कादंबरी लिहीत बसायचे. खिडकीतून कापूस उडून यायचा, बोरूला चिकटायचा आणि अक्षरांना दाढ्या फुटायच्या. खिडकी लावून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "बाजार बाहेर ठेवला तर आत लिहू काय?"

*

एकदा पुण्याचे एक विद्वान पाहुणे आले. खाली बैलांच्या घंटा, बाहेर दलालांची बोंबाबोंब. ग्रंथकाराला नदीकाठ हवा, एकांत हवा, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. मास्तरांनी बोरूला चिकटलेला कापूस काढला.

"एकांतात मले झोप येते," म्हणाले.

वऱ्हाडी उद्धटपणाचा नमुना म्हणून पाहुण्यांनी हे पुढे पुण्यात कित्येकांना सांगितलं म्हणे. सांगू देत!

*

संध्याकाळी मास्तर लिहिलेलं ओसरीवर वाचून दाखवायचे. गाडीवान, शेतकरी, सगळे ऐकायला बसायचे. गोष्ट मैना नावाच्या मुलीची. बाप लग्न ठरवायचा आणि ही मोडायची. आता आमच्याकडे चार माणसांत मोठ्यानं वाचतात ती पोथी. दुसरं काही वाचतात हे कोणाला ठाऊकच नव्हतं. एके दिवशी एका गाडीवानाने त्या कागदांपुढे नारळ ठेवला, दुसऱ्याने हळदकुंकू वाहिलं. अहो, हे मी मनाने रचलंय, असं मास्तर सांगणार, तोच आतून त्यांच्या बायकोने, यमुनावहिनींनी, त्यांना गप्प केलं. त्या नारळाची चटणी मी खाल्ली आहे. फर्मास झाली होती.

*

घरमालक दादाजी, दर्यापूरचे मोठे कास्तकार. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना हे घर कापूस भरायला हवं होतं. खाली करा म्हणाले तेव्हा मास्तर पांढरे पडले. अख्ख्या गावात दुसरी खोली मिळणार नव्हती.

यमुनावहिनी दाराआडून बोलल्या, "पोथी लावली आहे, दादाजी. समाप्तीच्या आधी आसन कसं हलवता?"

दादाजींनी कागदांवरचं कुंकू पाहिलं, जोडे काढले आणि हात जोडले. समाप्ती कधी, एवढंच विचारलं. मैनेचं लग्न झालं की, असं वहिनींनी ठोकून दिलं.

*

मग काय! मास्तरांनी मैनेचं लग्न लांबवायला घेतलं. एक नवरदेव पुरात अडकला, एकाची पत्रिका जुळेना, एक चक्क काशीला निघून गेला. दादाजी दर बाजाराला येऊन मैनेची चौकशी करायचे. एकदा तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, अकोल्याकडचं एक स्थळ हाय. पोरगं निर्व्यसनी हाय. पाहून घ्या."

आम्ही हसू दाबत बसलो होतो. मास्तरांनी पोराची पत्रिका मागवली!

*

शेवटी दादाजींचा धीर सुटला. ऐन हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या दारात लावून, समाप्तीचा नारळ स्वतः घेऊन ते आले. आज लग्न लागलंच पाहिजे, म्हणाले. मलाही वाटलं, संपलं, मास्तर आता रस्त्यावर आले. फार वाईट वाटलं.

मास्तर वाचू लागले. मांडव उभा राहिला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. दादाजींनी फोडायला नारळ उचलला. आणि मैनेनं हाताने अंतरपाट बाजूला केला, नवरदेवाला नीट पाहिलं आणि नको म्हणाली.

दादाजी ताडकन उठले. "कोणाचं आयकते का नाही हे पोरगी? लावा तिचं लगन, अन् घर मोकळं करा!"

मास्तरांनी मान वर केली. "घर तुमचं आहे, दादाजी. पोरगी माझी आहे."

दादाजी त्या कागदांकडे पाहत उभे राहिले. मग गाडीवानांकडे वळले.

"बैल सोडा," म्हणाले, "अन् बसा खाली. तिचा बाप आता काय म्हणते, ते आयकू द्या मले."