पलतडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं

माझा आवाज मोठा आहे. हे काही कौतुकानं सांगत नाही. लग्न होऊन इब्रामपूरच्या अंगाला असलेल्या या गावात आले तेव्हापासून सासूबाईंना तो सलत आला. मी मुलांना हाक मारली की त्या म्हणायच्या, हळू गो, पोफळीवरची सुपारी पडेल. अंगणवाडीत मात्र तोच आवाज कामाला यायचा. मग महामारी आली, अंगणवाडीला कुलूप लागलं, आणि आता आपण घरात बसून कुजबुजायला शिकणार असं वाटत असतानाच सरपंच बाई दारात आली. पंचायतीला माइकवरून सूचना द्यायला माणूस हवं होतं. आधी शिपाई बोलायचा, पण त्याला खोकला, आणि त्या दिवसांत पंचायतीच्या माइकवरून खोकला ऐकू आला की अर्धा गाव दारं लावून घ्यायचा. मी हो म्हटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मांडववाल्याचा धंदा बसलाच होता, त्यानं दोन कर्णे दिले. पंचायतीमागच्या पाण्याच्या टाकीवर ते बांधले. एक देवळाच्या वाड्याकडे तोंड करून, दुसरा नदीकाठच्या घरांकडे. दिवेलागणीच्या आधी मी जायची, सरपंच बाईनं पेडण्याच्या तालुका कचेरीतून फोनवर काय काय आलं ते कागदावर उतरवून ठेवलेलं असायचं, ते वाचायची. सुरुवातीला सगळं 'नये' असायचं. घराबाहेर पडू नये, गर्दी करू नये, पाहुण्यांना बोलावू नये. मग हळूहळू 'करता येईल' यायला लागलं. दुकानं दुपारपर्यंत उघडता येतील. पोदेराला पाव घेऊन वाड्यावाड्यावर फिरता येईल, फक्त लोकांनी त्याच्या टोपलीत हात घालू नये. न्हाव्यानं दुकान उघडलं त्या दिवशी तर माझ्या नवऱ्यासकट सगळे पुरुष रानातून माणसात आले. बस सुरू झाली, अर्ध्या सीटांवर माणसं बसवून. देऊळ उघडलं, तीर्थ नाही, प्रसाद नाही, लांबून हात जोडायचे.

लोक खूश. दुकानावर गेले की म्हणायचे, बाय, आज काय उघडलंस? जशी काय सगळ्या गोव्याची किल्ली माझ्याच कमरेला. मी हसायची. पण खरं सांगते, तो कागद हातात आला की मी आधी त्यात एकच गोष्ट शोधायची, आणि ती नसायची.

माझं माहेर नदीच्या पलतडीला. अलतड गोवा, पलतड महाराष्ट्र. एरवी हे कोणाच्या ध्यानीमनीही नसायचं. आमच्या काठावर होडी होती, होडीवाल्याला हाक मारायची, की पोळ्या गरम असतानाच माहेरी. नाहीतर वरच्या अंगाला पूल आहे, स्कूटरनं थोडा वळसा पडतो इतकंच. तो पूल एका दिवसात सरहद्द झाला. बांबू, पिंपं, पोलीस. होडी उलटी करून किनाऱ्यावर टाकली. दाखला हवा, तपासणी हवी, कारण हवं. बापाला बघायचंय हे कारण चालत नव्हतं, मी विचारून आले होते.

बाबांना साखर. पायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. आधी त्यांना म्हापशाच्या डॉक्टरकडे मीच न्यायची, आता दादा त्यांना दोडामार्गला नेत होता. फोन करावा तर बाबांचं फोनशी कधी जमलंच नाही. फोनवर बोलायचे पैसे पडतात ही समजूत त्यांनी सोडली नाही. बरी आहेस ना, मी बरा, ठेव. एवढंच. दादानं व्हिडिओ लावून दिला तर बाबांनी फोन सरळ कानाला लावला. मला नुसता कान दिसत राहिला. त्या कानाकडे बघून मी रडले होते, आणि पलीकडे बाबा दादाला विचारत होते, हिचा आवाज का असा येतोय?

अशात एक दिवस दादाचा फोन आला, हसत होता. म्हणाला, तू काल न्हाव्यांना सूचना दिलीस ना, बाबांनी ती ऐकली. मला कळेना. तेव्हा त्यानं सांगितलं. रस्त्यावर गाड्या नाहीत, खाणीचे ट्रक नाहीत, मोपाच्या पठारावर विमानतळाची कामं थांबलेली. सगळा मुलूख चिडीचूप. त्या शांततेत आमचा नदीकडचा कर्णा पलतडीच्या कुळागरात, बाबांच्या माडा-पोफळींच्या बागेत, लख्ख ऐकू जात होता. बाबा रोज माडांना पाणी लावून झालं की काठावर येऊन बसत होते. दादाला वाटायचं हवा खातात. ते लेक ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी माइक हातात घेतला. कागदावरचं सगळं वाचलं. आणि मग, कुठून सुचलं देव जाणे, तशाच पंचायतीच्या सुरात पुढं म्हटलं, ज्येष्ठ नागरिकांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात, पाय कोरडे ठेवावेत.

कोणालाही वावगं वाटलं नाही. चांगलीच सूचना होती. मग मला चटक लागली. रोज कागद संपला की मी एक वाक्य माझं घालायची. ज्येष्ठांनी उन्हात माडाखाली उभं राहू नये. ज्येष्ठांनी सुनेवर ओरडू नये, ती दमलेली असते. हे वहिनीनं फोन करून मुद्दाम सांगायला लावलं होतं, आणि त्या दिवशी आमच्या गावातल्या सुनांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या निवडणुकीला उभी राहिले असते तर निवडून आले असते. फणसाचे दिवस आले तेव्हा म्हटलं, साखरेचा आजार असलेल्यांनी फणस बेतानं खावा. आमच्या सासऱ्यांनी हातातला गरा खाली ठेवला. पलतडीहून दादाकरवी निरोप आला, "तिका सांग, फणस सरलो."

एवढंच उत्तर. पण मी ते दिवसभर तोंडात घोळवत होते. माझं बोलणं तिकडं जात होतं, त्यांचं इकडं येत नव्हतं. आमचे कर्णे होते, त्यांच्याकडे काय होतं? कधीकधी सूचना संपवून मी आमच्या काठावर जायची. मधे नदीचं वळण आणि बांबूची बेटं, पलीकडचं काही दिसत नाही. तरी उभी राहायची. मला बाबा हवे होते, दुसरं काही नको होतं.

आणि जसजसं उघडत गेलं तसतसा आवाज अडायला लागला. हे मला आधी सुचलंच नव्हतं. मीच रोज सांगत होते, हे चालू झालं, ते चालू झालं. टेंपो आले, चिऱ्याच्या खाणीवरचं यंत्र सुरू झालं, मोपाला जाणारे डंपर धडधडायला लागले. कामगार दाखले काढून कोल्हापूर-बेळगावकडून परत यायला लागले, त्यांच्या मोटारसायकली. लोकांच्या घरी चूल नीट पेटायला लागली, याचा आनंद कोणाला नाही? पण मी माइकवर बोलायची आणि मधेच डंपर गेला की माझा जीव तुटायचा. दादा म्हणाला, बाबांना आता नीट ऐकू येत नाही. ते पुढं पुढं सरकतात. काल तर पाण्यात पाय सोडून बसले होते.

पाण्यात. ती जखम घेऊन.

माझं डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी कागद कसाबसा वाचला आणि सगळा घसा फोडून सांगितलं, नदीच्या पाण्यात कोणीही पाय घालून बसू नये, धोका आहे, लगेच मागं व्हावं, पुन्हा सांगते, लगेच मागं व्हावं.

झालं. सकाळपर्यंत गावभर झालं की नदीत मगर आली. कोणीतरी तिची लांबीही सांगत होतं. बायका कपडे धुवायला जाईनात, म्हशी गोठ्यात बांधलेल्या, आणि एकानं तर आपण ती डोळ्यांनी पाहिली म्हणून शपथ घेतली. सरपंच बाईनं मला बोलावून घेतलं. तालुक्याहून वनखात्याची माणसं येऊ का विचारत होती म्हणे. मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. मला वाटलं माइक गेला. पण सरपंच बाईचं माहेर गोव्यातच, डिचोलीला, बस सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आईला भेटून आली होती.

"मग तेका सरळ सांग," ती म्हणाली. "लोकांक भियेव नको."

त्या संध्याकाळी मी कागद खाली ठेवला आणि माइकवर म्हटलं, नदीत मगर नाही. कालची सूचना पलतडीच्या एका माणसासाठी होती. त्यांनी पाण्यात पाय घालू नयेत. ऐकू आलं नाही तरी चालेल, रस्ता उघडला की त्यांची मुलगी स्वतः येऊन सगळं सांगणार आहे.

बटण बंद केलं. सगळ्या गावानं ऐकलं. नळावर बायका थट्टा करतील म्हणून तयारीत गेले होते. पण एकीनं माझी कळशी उचलून डोक्यावर दिली, इतकंच. बाबा त्या दिवसापासून वर कोरड्या दगडावर बसायला लागले, असं दादानं कळवलं. ऐकू येवो न येवो, रोज बसायचे.

शेवटी तो कागद आला. सरपंच बाईनं तो माझ्या हातात देताना बोट त्याच ओळीवर ठेवलं होतं. शेजारच्या राज्यात ये-जा करण्यास आता दाखल्याची गरज नाही. मी ती ओळ वाचली, परत वाचली, तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा तिनं माझ्या हातून माइक काढून घेतला. त्यानंतर सांगण्यासारखं फारसं उरलंच नाही. मांडववाल्याला लग्नाची ऑर्डर आली, तो कर्णे सोडवून घेऊन गेला. पंचायत आता सगळं मोबाइलच्या ग्रुपवर टाकते.

लगेचच्या रविवारी मी स्कूटर काढली. पुलावर पिंपं कडेला लोळत होती, पोलीस खुर्चीवर पेंगत होता, त्यानं वरही पाहिलं नाही. मला त्याचा राग आला. इतका काळ अडवलंस, आता निदान विचार तरी, कुठं चाललीस. माहेरी पोचले तर बाबा घरी नव्हते. वहिनीनं नुसतं नदीकडे बोट दाखवलं.

ते दगडावर बसले होते. वाळले होते. पायाला स्वच्छ पट्टी होती, कोरडी. मी जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले तर म्हणाले, बस. जवळ घेणं, डोक्यावर हात ठेवणं हे आमच्या घरात नाहीच. मी पट्टी सोडून पाय बघितला, जखम भरत आली होती. मग मी जी सुटले ती सुटले, मुलांचं, सासूचं, मगरीचं. ते ऐकत होते, पण लक्ष अलतडीच्या माडांकडे. मग त्यांनी विचारलं, आज कोण बोलणार? मी सांगितलं, आज कोणी नाही बाबा, उद्याही नाही. सगळं उघडलं. कर्णे उतरवले.

त्यांनी मान हलवली.

"रस्तो बंद होतो तेवा रोज येय होतंस," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मी घाईघाईनं म्हटलं, अहो, आता रस्ता मोकळा आहे, आता तर कधीही येईन, दर रविवारी येईन. ते हसले. लहानपणी मी काहीतरी फुशारकी मारली की हसायचे तसे.

"चवतीक येतलंस," म्हणाले, आणि उठून माडांना पाणी लावायला गेले.

मी थेट गणपतीच्या चवथीलाच गेले.