अजून पाव आटा

कळंबच्या बाजारामागं आमचे एक मिस्त्री आहेत. गुडघे गेल्यापासून वडिलांना शेत दिसलं नव्हतं, म्हणून मी ढेकळांतून चालेल अशी एक जुनी छोटी इंजिनवाली बग्गी घेतली आणि कार्बोरेटरचं सेटिंग करून घ्यायला त्यांच्याकडं नेली. तिथून माझा वैताग सुरू झाला.

इंजिन सुरू केलं की मिस्त्री डोळे मिटून मान वाकडी करतात. "ऐका, खोकतंय," म्हणतात. मला काही ऐकू येत नाही. मग पेचकसानं स्क्रू फिरवत पुटपुटतात, "अजून पाव आटा." तेवढ्यात चांगलं चाललेलं इंजिन बंद पडतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"मिस्त्री, चालतंय ना? मग द्या की!" मी एकदा ओरडलोच.

"चालतंय हो. पर खुशीनं न्हाय चालत."

शेवटी मी वडिलांना रिक्षानं तिथंच आणलं, बग्गीत बसवलं आणि ती तशीच बाहेर काढली, तर हा माणूस पेचकस घेऊन मागच्या दांडीवर चढला. शेतापर्यंत बग्गी एकदाही अडली नाही. मी विहिरीवरची मोटर सुरू करून आलो, तर मिस्त्रींनी वडिलांना बांधावर बसवलं होतं आणि कार्बोरेटर सुटा करून पोत्यावर मांडला होता.

"अहो, आता घरी कसं जायचं?" माझा आवाज चढला.

"चढाला जरा आचका दिला तिनं," मिस्त्री मान वर न करता म्हणाले.

वडील हाताशी आलेलं ज्वारीचं पान बोटांतून पुन्हा पुन्हा ओढत होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"सावकाश होऊ द्या, मिस्त्री," ते म्हणाले. "मला काय घाई न्हाय."