आईच्या आवाजाची वाटणी

आमचे हे म्हणजे लोहाऱ्याचे महारुद्र मास्तर. शाळेत कधी शिकवलं न्हाय, तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान हाय. पण कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की लोक ह्यांनाच हाक मारतात. भंगारात निघालेल्या डब्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून हे तो चालू करून देतात आणि वर चहासुद्धा घेत न्हाईत. माणूस लई भला हाय, म्हणूनच मला लई राग येतो.

घराच्या वाटण्या झाल्या. मधी भिंत आली, धाकटे दीर रणधीर पलीकडं गेले आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. कॉम्प्युटर एक इकडं, एक तिकडं. राउटर मात्र एकच राहिला, त्याची वाटणी करायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. सासूबाईंचा आवाज तिकडच्या कॉम्प्युटरात होता. वाटणीच्या आधी, आजारपणात त्या जुन्या गोष्टी सांगायच्या, ते सगळं ह्यांनी फोनवर भरून घेतलेलं, आणि डिस्क मोठी म्हणून फोनमधनं काढून तिकडं ठेवलेलं. सांजच्याला हे इकडून ते फोल्डर उघडायचे आणि ऐकत बसायचे.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि फोल्डर उघडंना. हे कामाला लागले. राउटर बंद-चालू केला, वायर बदलली. पिंग केलं तर पलीकडचा कॉम्प्युटर ओ देत होता. फोल्डरचं नावही दिसत होतं. पासवर्ड टाकला की मात्र 'परवानगी नाही'.

"अपडेटनं कायतरी बिघडलं असंल," हे म्हणाले.

"अवो, पलीकडं जाऊन विचारा की."

"त्याला कशाला तरास? दोष मशीनचा हाय."

माझं डोकंच फिरलं. पुतणीला, आरोहीला, अंगणात गाठलं आणि ह्यांच्यापुढं आणून उभं केलं. हिला लिनक्स ह्यांनीच शिकवलेलं, शेजारी बसवून. पोरगी मान खाली घालून बोलली, "काका, परवानगीच्या यादीतनं तुमचं नाव मीच काढलं. पप्पा म्हणले, आज्जी आपल्याकडं वारली, आवाज आपल्या वाट्याचा."

ह्यांनी विचारलं, "नाव काढल्यावर सर्व्हिस परत चालू केलीस ना? न्हायतर बदल लागत न्हाय."

"व्हय काका."

"मग बरोबर केलंस."

असला भलेपणा काय चुलीत घालायचाय? पोरगी रडत गेली, हे दुकानाला गेले, आणि मी भांडी आपटत बसले.

श्राद्धाच्या दिवशी दिरांनी पाहुण्यांपुढं स्पीकर लावला. आमाला बोलावणं न्हवतं. भिंतीतून सासूबाई ऐकू यायला लागल्या. खोकल्या, थांबल्या, मग म्हणाल्या, "महारुद्रा, जेवलास का रं?" पलीकडं कुणीतरी तेवढं सोडून आवाज पुढं सरकवला.

मी फोन ह्यांच्या हातात दिला. "निदान एवढं तरी भरून घ्या."

ह्यांनी तो उपडा ठेवला. म्हणाले, "आईला चोरून आणायचं न्हाय मला."