शेवटच्या तासाचं गिऱ्हाईक

त्या शुक्रवारची आठवण आजही निघते. एकतीस वर्षं महाराष्ट्र पोलिसांत काढून मी निवृत्त झालो आणि लेकीकडे दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला आलो. गुन्हा नोंदवणं संपलं, संशय घ्यायची खोड मात्र गेली नाही.

मसाल्याचे व्यापारी असलेल्या माझ्या एका मित्रांना क्रिकेट कार्डांचा, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं जमवायचा नाद. ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये संग्राहकांचा मेळा होता, तिथे त्यांचंही विक्रीचं टेबल होतं. "साहेब, तुम्ही नुसते बसा, वचक राहतो," म्हणून त्यांनी मला नेलं.

निळ्या शर्टातला एक माणूस सकाळपासून माझ्या डोळ्यांत खुपत होता. पस्तिशीचा, हातावर सिमेंटचे चट्टे. दर तासाला फेरी मारायचा, आमच्या टेबलावरच्या पेटीतली कार्डं निरखायचा, वहीत काहीतरी टिपायचा आणि काही न घेता निघून जायचा. आमच्या भाषेत याला टेहळणी म्हणतात.

हॉल बंद व्हायला तासभर उरला आणि मित्र पांढरेफटक पडले. त्यांचं सगळ्यात महागडं, खेळाडूची सही असलेलं कार्ड काचेच्या पेटीत नव्हतं. मी बोट दाखवलं ते थेट निळ्या शर्टाकडे.

त्याला मागच्या खोलीत नेलं. बसवलं, मी उभा राहिलो. नाव, गाव, कामगारांचा कॅम्प कुठला, व्हिसा कोणाचा, सगळं विचारलं. चिपळूणकडचा, प्लास्टरचं काम करणारा. मग पाच मिनिटं एक अक्षर बोललो नाही. असं गप्प राहिलं की भलेभले फुटतात, तोही फुटला.

"मीच घेतलं, साहेब. पोलीस नको. व्हिसा गेला तर घर खलास होईल."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. अजून जमतंय म्हणायचं! पण मुद्देमाल कुठाय, तर सांगता येईना. सही कोणत्या शाईची? म्हणाला, काळ्या. सही निळी होती.

धावत जाऊन मित्रांना कार्ड शेवटचं कुठे ठेवलं ते आठवायला लावलं. जेवायला जाताना खबरदारी म्हणून त्यांनीच ते जाकिटाच्या आतल्या खिशात टाकलं होतं, आणि जाकीट खुर्चीवरच होतं. मित्र हात जोडून त्याची माफी मागू लागले.

मग त्याने वही दाखवली. गावच्या संघात तो यष्टिरक्षक, म्हणून फक्त यष्टिरक्षकांची कार्डं जमवतो. त्यांना मागणी कमी. दिवसभर भाव टिपायचे आणि शेवटच्या तासात एकगठ्ठा मागायचे, कारण माल परत न्यायचा कंटाळा सगळ्यांनाच. बारा कार्डांचे पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये, त्याने मनात धरले होते. मित्र फुकट देत होते, त्याने घेतली नाहीत.

मी विचारलं, "अरे, घेतलं नव्हतंस तर हो का म्हणालास?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही ज्या आवाजात विचारलंत ना साहेब, त्यावर नाही म्हणता येत नाही."

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे त्या दिवशी कळलं. नोकरीत तोच आवाज लावून मी कितीतरी कबुल्या घेतल्या, आणि कबुली मिळाली की पुढचा तपास आवरता घेतला. तशी कबुली दिलेल्या एका पोराने शिक्षा भोगली. तो गुन्हा त्यानेच केला होता, याची आता मला खात्री वाटत नाही.