वासुमेस्तांचा कोरड्या चेंबरचा हट्ट

आज ज्यांच्या पंचाहत्तरीला आपण जमलो आहोत त्या आदरणीय वासुमेस्तांचे, म्हणजे आमच्या वासु मिस्त्रींचे, पहिले दर्शन मला पायांचे झाले. दर्शन पायांचेच घ्यायचे असते, हे खरे. पण हे पाय डिचोलीतल्या त्यांच्या गॅरेजात माझ्याच जीपखालून बाहेर आले होते. खाणी बंद पडून माझे ट्रकवरचे काम सुटले होते. दोडामार्गहून जुन्या जीपने भाडी मारायचो, आणि तिच्या चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून, तेल ठिबकायचे. मी रोज पाना घेऊन बोल्ट आवळायचो.

खालून आवाज आला, "ह्ये बोल्ट कोणी पिळल्यान?"

"मीच."

"पत्रो वाकडो केलंस मरे! आवळून आवळून पॅकिंग पिचकता, तेल थांबणा नाय."

पुढे त्यांच्याच हाताखाली कामाला लागलो आणि माझ्या सहनशक्तीची परीक्षा सुरू झाली. चेंबर आणि इंजिन यांच्यामधल्या जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडायचा. पत्र्याची कड सरळ ठोकायची. दोन्ही बाजू थिनरने पुसून कोरड्या ठाक करायच्या. सांधा बुजवणारे सिलिकॉन दोऱ्याएवढेच लावायचे, मी जरा जास्त लावले की मेस्त म्हणायचे, "पावाक लोणी लायतंस?" सगळे बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेर, आडवेतिडवे, थोडे थोडे आवळायचे. आणि एवढे करून गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच! तेल ओतायचे नाही. अरे देवा, गिऱ्हाइकांना तोंड द्यायचे मी!

मोरजीच्या एका टॅक्सीवाल्याचे विमानतळावर भाडे होते. तो माझ्या अंगावर धावून आला. मेस्तांनी काय करावे? स्वतःची गाडी काढून त्याच्या हातात चावी दिली आणि आपण बसने आमोण्याला घरी गेले. पण सिलिकॉन सुकल्याशिवाय त्याची गाडी सोडली नाही.

हेही मी सोसले असते. पण मी बसवलेल्या प्रत्येक चेंबरखाली मेस्त स्वतः जाऊन कडेवरून बोट फिरवत. पंचाहत्तरीला आले, तरी तेच! माझी एकच इच्छा होती, एक तरी गाडी माझ्या शब्दावर बाहेर जावी. एकदा चिडून म्हटले, "मेस्त, भरवसा नाही तर मला ठेवलात कशाला?"

"भरवसो तुझ्यावर आसा, बोल्टांवर नाय."

एवढे बोलून ते गोणपाटावर आडवे झाले आणि गाडीखाली शिरले.

गेल्या महिन्यात त्यांच्या कन्येची गाडी आली. ती दोन्ही मुलांना घेऊन घाटाने बेळगावला निघाली होती. चेंबर मी बसवला, दुसऱ्या दिवशी तेल ओतले, इंजिन चालवून बघितले आणि मेस्तांसाठी गोणपाट पसरले. सकाळीच ते दुसऱ्या एका गाडीखाली जाऊन आले होते. आता मात्र खुर्चीतून हलले नाहीत. "बघत नाही?" मी विचारले.

"कित्याक? तू बघितलंस मां? चावी दी तिका."

गाडी गेली. इतकी वर्षे ज्यासाठी जीव टाकला ते मिळाले, आणि मीच गोणपाटावर वाकून गाडी उभी होती तिथे तेलाचा थेंब शोधू लागलो. ती मुले पोचल्याचा फोन येईपर्यंत दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. मेस्त शेजारी खुर्चीत खुशाल घोरत होते.

परमेश्वर त्यांना शंभरी दाखवो, कंबर शाबूत ठेवो, नजर तेज ठेवो. आणि मेस्त, सर्वांसमक्ष हात जोडून सांगतो, माझ्या गाड्यांखाली जाणे एवढ्यात सोडू नका.