मावशीचं दीड पानी करारपत्र

माझी मावशी कर्णबधिर मुलांच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. सहा महिने घरी बसली आणि एक दिवस तिने जाहीर केलं, की तिला पुस्तक काढायचं आहे. ज्या घरात मुलाला ऐकू येत नाही असं नव्यानेच कळलंय, त्या घरातल्या आईबापांसाठी. पाणी, भूक, दुखतंय, भीती वाटते, मला हवं, मला नको, अशा रोजच्या साठ खुणा. प्रत्येक खुणेचं एक चित्र आणि खाली दोन ओळी मराठी. मजकूर तिने लिहून ठेवला होता. चित्रं काढणारं कोणी हवं होतं.

मी आयटीत नोकरी करते आणि शनिवार पेठेत तिच्याकडेच राहते, त्यामुळे चित्रकार ऑनलाइन शोधू, असं मीच सुचवलं. सुचवताना जरा शरम वाटत होती. आदल्याच वर्षी मैत्रिणीबरोबर साड्यांचा छोटा उद्योग काढताना मी कामाला माणसं मिळवून देणाऱ्या एका साइटवरून वेबसाइट करणारा माणूस धरला होता. बोलायला गोड होता. मी सगळे पैसे आधीच देऊन मोकळी झाले. वेबसाइट अर्धी झाली आणि माणूस गायब. पासवर्डही त्याच्याकडेच राहिले.

हे मी मावशीला सांगून टाकलं. मला वाटलं, ती आता ऑनलाइनचं नावच काढणार नाही. तिने शांतपणे विचारलं, "त्याने काय काय करून द्यायचं, हे तू कुठे लिहिलं होतंस?"

"लिहिलं नव्हतं."

"मग अर्धीच झाली हे तरी कशावरून? त्याच्या मते झाली असेल पूर्ण."



त्यानंतर आठवडाभर ती रोज सकाळी चहा झाला की टेबलाशी बसायची. आठवड्याने तिने माझ्यापुढे दीड पान ठेवलं. मी ऑफिसात चाळीस-चाळीस पानांची करारपत्रं पाहिलेली, पण इतकं स्वच्छ काही वाचलेलं आठवत नव्हतं. प्रत्येक खुणेचा व्हिडिओ मावशी पाठवणार, चित्र त्या व्हिडिओतल्या हाताबरहुकूम असावं. चित्रं दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी द्यायची आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर बदल करता येतील अशा मूळ फाइलीही. गठ्ठा तपासून झाला की त्याचे पैसे त्याच दिवशी. चित्रकाराच्या चुकीच्या दोन दुरुस्त्या फुकट. पैसे पोचल्यावर चित्रांचे हक्क मावशीचे, पण पुस्तकात चित्रकाराचं नाव ठळक छापायचं. आणि दोघांपैकी कोणी दहा दिवस उत्तर दिलं नाही, तर झालेल्या कामापुरता हिशेब करून करार संपला.

"दोघांपैकी? तू कशाला गप्प बसशील?" मी विचारलं.

"मी साठीची आहे," ती म्हणाली. "तिकडच्या माणसालाही काळजी असणारच की."

मी तशाच एका साइटवर जाहिरात टाकली. पहिला अर्ज आला तो बघून मी हरखले. त्या गृहस्थाच्या नमुन्यातली चित्रं अगदी छापून आल्यासारखी होती. वर त्याने लिहिलं होतं, की साइटच्या बाहेर व्यवहार करू, निम्मे पैसे आधी द्या, मी दर कमी करतो. मावशीने चष्मा लावून एकेक चित्र मोठं करून पाहिलं.

"सगळ्या चित्रांचा उजवीकडचा खालचा कोपरा पुसट का आहे?"

मी पाहिलं. खरंच होता.

"सही असते तिथे," ती म्हणाली. "स्वतःची सही कोणी पुसत नाही."

मी ती चित्रं इंटरनेटवर शोधली. ती परदेशातल्या एका चित्रकर्तीची निघाली, तिच्या सहीसकट. मावशीने त्या गृहस्थाला उत्तर पाठवलं, "आपली चित्रं आवडली. ज्यांनी काढली त्यांना कळवा." मग साइटवाल्यांकडे रीतसर तक्रारही केली.

पुढचे तीन-चार अर्ज असेच बाद झाले. मग लोणी काळभोरहून एकीचा आला. चित्रकलेची पदविका झालेली, लग्नानंतर शेतीवाल्या घरात आलेली, घरूनच काम करायची. नमुन्याला मोजून पाच चित्रं होती, तीही अगदी साधी. पण पाचांत तीन चित्रं हातांची होती. खुरपं धरलेला हात, भाकरी थापणारे हात, बाळाच्या मुठीत अडकलेलं बोट. मावशी त्या चित्रांपाशी बराच वेळ थांबली.

तिने एका चित्राचं काम आधी दिलं, पैसे देऊन. मी म्हटलं, नमुना फुकट मागतात सगळे. मावशी म्हणाली, "काम आहे ना? मग फुकट कसलं?" अट एवढीच, की व्हिडिओ कॉलवर आमच्या समोर थोडं काढून दाखवायचं. ती मुलगी जराही ओशाळली नाही. पडद्यावर तिचा हात दिसू लागला आणि मागून बाळाच्या रडण्याचा आवाज.

"मॅडम, पोरगी जरा किरकिरी हाय आज. चालंल का?"

"तिला घ्या आधी," मावशी म्हणाली. "आम्ही बसलोय."

तिने लेकीला मांडीवर घेऊन एका हाताने 'पाणी' काढलं. बोटांची पेरं, अंगठ्याचा कोन, सगळं व्हिडिओतल्यासारखं. मावशीने तिथल्या तिथे काम दिलं. दुसऱ्या गठ्ठ्यापासून 'मॅडम' जाऊन 'बाई' आलं.

चाळीस चित्रं झाली तेव्हा मावशीने ती दाखवायला आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आता तो दोन मुलांचा बाप आहे आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. पहिली वीस चित्रं त्याने मान डोलावत पाहिली. एकविसाव्याला थांबला, मावशीकडे बघून हातांनी काहीतरी म्हणाला. मावशीचा चेहरा उतरला.

"तो विचारतोय, तुम्ही डावखुऱ्या कधी झालात?" तिने मला सांगितलं.

पहिल्या वीस खुणांचे व्हिडिओ मी काढले होते. नंतर मी कामासाठी बाहेरगावी असताना मावशीने फोन टेबलावर टेकवून पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने स्वतःच चित्रण केलं होतं. त्याने तिचा फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि दाखवलं. त्या कॅमेऱ्यातलं सगळं आरशातल्यासारखं उलटं साठवलं जात होतं. मावशी बोटं बारकाईने तपासत राहिली होती, हात कुठला हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुस्तक असंच छापलं असतं, तर काही खुणा उजव्या हाताच्या आणि काही डाव्या, आणि नव्याने शिकणारी आई गोंधळली असती.

तो गेल्यावर मी म्हटलं, "दोन दुरुस्त्या फुकट आहेत ना? कळव तिला."

मावशीने करारपत्र काढून माझ्यापुढे धरलं. "काय लिहिलंय? व्हिडिओतल्या हाताबरहुकूम. तिने बरहुकूमच काढलंय. फुकट दुरुस्ती तिच्या चुकीची. ही चूक माझी आहे."

"पण तिला कुठे माहीत आहे हे?"

"मला माहीत आहे ना."

मी वर्षभर माझ्या फसवणुकीची कहाणी चारचौघांत सांगत फिरले होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की हा दीड पानांचा कागद मावशीने फक्त समोरच्याला बांधायला लिहिला नव्हता. तो तिलाही तितकाच बांधत होता, आणि ती खुशाल बांधून घेत होती.

तिने निरोप लिहिला. चूक माझी आहे, वीस चित्रं पुन्हा काढावी लागतील, नवीन काम समजून आपला दर सांगावा. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पलीकडे ती हसू दाबत होती.

"बाई, वीस कशाला काढू? चित्रं कॉम्प्युटरवर हायेत. एक बटण दाबलं की उलटी होत्यात. सोळा तर मी आत्ताच केली, पाठवते."

आयटीतल्या मला हे सुचलं नव्हतं.

"मग चार?" मावशीने विचारलं.

"त्या चारांत तुम्ही साडीत उभ्या हाय. व्हिडिओत पदर उजव्या खांद्यावर दिसत होता, मला वाटलं असं कसं, म्हणून मी आपला डाव्यावर काढला. आता उलटं केलं की पदर परत उजवीकडं जातोय. तुम्ही गुजराती दिसताय, बाई."

मावशी इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग लगेच सावरून म्हणाली, "चारांचे पैसे घ्यायचे. त्यावर चर्चा नाही."

"घेते की. काढायला लागणारच हायेत ती."

सोळांचे मागितले असते तर आम्ही दिले असते. मावशीने फोन ठेवला. मग म्हणाली, "हुशार आहे. आणि सरळ आहे. दोन्ही एकत्र फार कमी वेळा भेटतं." माझ्या मावशीच्या तोंडून एवढी स्तुती मी आजवर कोणाचीच ऐकलेली नाही.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी मावशीने दोघांनाही घरी बोलावलं, लोणी काळभोरच्या त्या मुलीला आणि त्या विद्यार्थ्याला. ती लेकीला कडेवर घेऊन आली. तिला प्रत्यक्ष भेटण्याची आमची ती पहिलीच वेळ. मावशीने आधी तिला पुस्तकाचं पहिलं पान उघडून दाखवलं, तिचं नाव छापलेलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात तो विद्यार्थी आला; तो येणार हे मावशीने तिला आधीच कळवलं होतं. मी ओळख करून द्यायला पुढे झाले, पण ती मुलगी आधीच त्याच्याकडे वळली होती. तिने लेकीला सतरंजीवर ठेवलं आणि हातांनी विचारलं, पाणी हवं का? तो चकित होऊन थांबला. मग त्याने खुणेनेच सांगितलं, हवं. तिने विचारलं, भूक? त्याने काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. ते तिला कळलं नाही, तिने हसून पुन्हा सांगायची खूण केली. साठ खुणा रेखता रेखता त्या तिच्या हातात उतरल्या होत्या आणि तिने आम्हाला त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मावशी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मधे एकदा त्या मुलीचा अंगठा चुकला. तीस वर्षं चुकलेली बोटं धरून सरळ करणारी माझी मावशी पुढे झाली नाही. त्याने स्वतःचा अंगठा वर धरून तिला दाखवला, तिने बघून आपला सुधारला, आणि त्यांचं बोलणं पुढे चालू राहिलं.