कमानीतला मधला दगड

लोणावळ्यातली आमची बँक इंग्रजांच्या काळातल्या दगडी इमारतीत आहे. दाराची कमान फोडून तिथं रुंद काचेचं दार बसवायचं ठरलं, तेव्हा आंदर मावळातून एक म्हातारा गवंडी आला. मी शिडी धरली. त्यानं वर जाऊन मधल्या दगडावरून तळवा फिरवला आणि छिन्नी न लावताच खाली उतरला.

"साहेब, ह्यो दगुड बाकीच्यांना धरून हाय. मी न्हाई काढायचा."

"दुसरा कुणी काढेल," मॅनेजर म्हणाले.

"काढंल की. पन तवा खाली कुनाला हुबं करू नका."

तो हत्यारं घेऊन गेला. मॅनेजरांनी दोन दिवस विचार केला आणि कमान तशीच ठेवून आतून लहान दार बसवायचं ठरवलं. ते काम दुसऱ्याच गवंड्याला मिळालं, कारण पहिल्याचं नाव-पत्ता आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.